चार महिने जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊनही थकवा का जात नाही?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ३८ आहे, मांस-मासे तुम्ही खात नाही, आम्लपित्तासाठी दोन वर्षांपासून रोज सकाळी एक गोळी चालू आहे आणि गेल्या सहा महिन्यांपासून थकवा, केस गळणे व तळपायांना मुंग्या येणे असा त्रास होतो आहे. त्यावर उपाय म्हणून तुम्ही स्वतःहून एक मल्टिव्हिटॅमिन, एक बी-कॉम्प्लेक्स, केसांसाठी बायोटिन आणि ड जीवनसत्त्वाची कॅप्सूल सुरू केलीत. चार महिने उलटले तरी फरक पडलेला नाही, म्हणून आता यांपैकी कशाचे प्रमाण वाढवावे की आणखी एखादी गोळी जोडावी, असे तुम्ही विचारता.

गेली २२ वर्षे मी फिजिशियन म्हणून रुग्ण तपासते आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर वारंवार येतो. कोणती गोळी वाढवावी, हे ठरवण्याच्या आधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: शरीरात एखाद्या जीवनसत्त्वाची कमतरता खरोखर आहे का, असल्यास ती कशामुळे झाली, आणि तुमचा थकवा त्याच कमतरतेचा आहे की दुसऱ्या कशाचा. ही तिन्ही उत्तरे तुम्हाला प्रत्यक्ष न तपासता देता येणार नाहीत, हे मी आधीच स्पष्ट करते. मात्र तुमच्या लिखाणातल्या दोन तपशिलांमुळे, म्हणजे दोन वर्षे चालू असलेली आम्लपित्ताची गोळी आणि तळपायांच्या मुंग्या यांमुळे, तुम्ही तपासणी पुढे ढकलू नये असे मला कळकळीने वाटते. त्याची कारणे पुढे येतीलच, पण त्याआधी जीवनसत्त्वे शरीरात नेमके काय करतात ते समजून घेणे आवश्यक आहे.

माणसाला लागणारी जीवनसत्त्वे एकूण १३ आहेत: अ, क, ड, ई, के आणि ब गटातली आठ. यांपैकी एकातूनही ऊर्जा मिळत नाही. ऊर्जा मिळते ती पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांतून. ब गटातली जीवनसत्त्वे त्या अन्नातून ऊर्जा मोकळी करणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइम्सना, मदतनीस म्हणून लागतात. शिवणयंत्राच्या सुईसारखे त्यांचे काम असते. कापड आणि दोरा भरपूर असला तरी सुईवाचून एक टाका पडत नाही, पण सुई जागेवर असताना शेजारी आणखी दहा सुया आणून ठेवल्या म्हणून शिवण भराभर होत नाही. म्हणूनच ‘ऊर्जा देणारे जीवनसत्त्व’ ही जाहिरातीतली भाषा दिशाभूल करणारी आहे. ज्याच्या शरीरात ब-१ कमी आहे त्याला ते दिल्यावर तरतरी येईल, आणि ज्याच्याकडे ते पुरेसे आहे त्याच्या बाबतीत जादाचा साठा मूत्रावाटे निघून जाईल. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गर्द पिवळी दिसते ती ब-२ बाहेर पडत असल्यामुळे.

जीवनसत्त्वांविषयीचा आपला गैरसमज त्यांच्या शोधाच्या इतिहासातूनच आला असावा, असे मला वाटते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार, झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, तेव्हा संत्री आणि लिंबू मिळालेले दोघे काही दिवसांतच उठून कामाला लागण्याइतके बरे झाले. पुढे ख्रिस्तियान आइकमान यांना जावा बेटावर असे दिसले की पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा (ब-१ च्या अभावाने होणाऱ्या आजारासारखा) पायांचा लुळेपणा येतो आणि न कांडलेला तांदूळ दिला की तो जातो. १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटामाइन’ हे नाव दिले. मरणाच्या दारातला माणूस चिमूटभर द्रव्याने उठून बसतो, हे पाहिल्यावर ते द्रव्य निरोगी माणसाला अधिक निरोगी करील असे कोणालाही वाटणारच. पण वरची सगळी उदाहरणे रिकामी जागा भरण्याची आहेत, आणि भरलेल्या जागेत आणखी भर घातल्याने काय होते हा प्रश्न पूर्णपणे वेगळा आहे.

त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्या चाचण्यांनी दिले आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीन, म्हणजे शरीरात ज्यापासून अ जीवनसत्त्व तयार होते ते द्रव्य, रोज २० मिलिग्रॅम दिले गेले. त्यामुळे फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा तो १८ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. अमेरिकेत २५,८७१ जणांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या दुसऱ्या चाचणीत रोज २,००० एकके ड जीवनसत्त्व देऊनही कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाला नाही. या लोकांपैकी बहुतेकांच्या शरीरात ड जीवनसत्त्व मुळातच पुरेसे होते, ही बाब इथे महत्त्वाची आहे. ज्यांच्यात कमतरता असते त्यांना जीवनसत्त्वाने होणारा लाभ यामुळे खोटा ठरत नाही. तो लाभ कमतरता असणाऱ्यांपुरताच आहे, एवढेच यातून कळते.

आता तुमच्याविषयी. तुमच्या बाबतीत मला पहिली शंका ब-१२ ची येते. हे जीवनसत्त्व वनस्पतीज अन्नात जवळजवळ नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते किंवा मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतून आणि गोळ्यांतून. दूध आणि अंडी तुम्ही किती घेता हे तुम्ही लिहिलेले नाही आणि त्यावर बरेच अवलंबून आहे. पण पोटात गेलेले ब-१२ रक्तात पोहोचण्याची वाट फार वळणावळणाची आहे. अन्नातले ब-१२ प्रथिनांना घट्ट चिकटलेले असते आणि ते सोडवण्यासाठी जठरातले आम्ल लागते. सुटलेले ब-१२ पुढे जठराच्याच पेशींनी बनवलेल्या एका वाहक प्रथिनाला जोडले जाते आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जाते. तुमची सकाळची गोळी आम्ल कमी करते, म्हणजे या वाटेचा पहिलाच टप्पा अडवते. अशी गोळी दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू असणाऱ्यांत ब-१२ ची कमतरता अधिक आढळते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ती अधिक दिसते, पण तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही.

शरीरात, मुख्यतः यकृतात, ब-१२ चा साठा दोन ते पाच मिलिग्रॅम असतो आणि रोजची गरज अवघी २.४ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे पुरवठा तुटला तरी त्रास दिसायला काही वर्षे जातात. माणसाला वाटते की माझा आहार कित्येक वर्षे हाच आहे, मग आताच काय झाले. त्याचे उत्तर या साठ्यात आहे: तो हळूहळू आटत आलेला असतो आणि आपल्याला कळते ते तळ गाठल्यावर.

तुम्ही आधीच घेत असलेल्या गोळ्यांमुळे इथे एक खरी अडचण निर्माण झाली आहे. मल्टिव्हिटॅमिन आणि बी-कॉम्प्लेक्स या दोन्हींत बहुधा फॉलिक ॲसिड, म्हणजे ब गटातलेच आणखी एक जीवनसत्त्व, असते. ब-१२ च्या कमतरतेत रक्तपेशी मोठ्या होतात आणि हिमोग्लोबिन उतरते, पण भरपूर फॉलिक ॲसिड मिळाले की हा रक्ताचा दोष बराचसा दुरुस्त होतो. याच कमतरतेने नसांची जी हानी होते आणि मुंग्या येतात, ती मात्र फॉलिक ॲसिडने थांबत नाही. परिणामी साध्या रक्ततपासणीत सगळे ठीक दिसते आणि पायांतल्या संवेदना कमी होत जातात. त्यात तुमच्या गोळ्यांत थोडे ब-१२ असल्यामुळे रक्तातली पातळीही काठावर दिसू शकते. दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमपेक्षा कमी आकडा आला तर कमतरता धरली जाते. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा आहे, आणि तिथे मिथाइलमॅलोनिक ॲसिड ही दुसरी तपासणी उपयोगी पडते, कारण पेशींना ब-१२ खरोखर कमी पडत असेल तर ते ॲसिड रक्तात साचते.

मी अशा रुग्णाला तपासते तेव्हा अहवाल वाचण्याआधी पायांकडे वळते. डोळे मिटायला सांगून ट्यूनिंग फोर्क वाजवते, त्याची दांडी पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवते आणि कंप थांबला की सांगा, असे म्हणते. काही जण कंप चालू असतानाच ‘थांबला’ म्हणतात, आणि माझ्या बोटांना तो अजून स्पष्ट जाणवत असतो. त्या फरकातून जे कळते ते पुष्कळदा रक्ताच्या आकड्याआधी कळते. मुंग्या लवकर ओळखल्या आणि ब-१२ योग्य मात्रेत मिळाले तर नसा सुधारतात, पण फार उशीर झाला तर काही हानी कायमची राहते. तुम्ही सहा महिने थांबला आहात, याहून अधिक थांबू नये.

कमतरता निघालीच तर घाबरण्याचे कारण नाही. गोळीतले ब-१२ अन्नातल्यासारखे प्रथिनात अडकलेले नसते, त्यामुळे आम्ल कमी असले तरी ते शोषले जाते. वाहक प्रथिनच नसेल तरीही मोठ्या मात्रेतला सुमारे एक टक्का भाग थेट आत जातो, म्हणजे १,००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून सुमारे १० मायक्रोग्रॅम मिळतात आणि गरज २.४ ची आहे. नसांची लक्षणे असताना मी स्वतः सुरुवात इंजेक्शनने करते, कारण तिथे शोषणाच्या अनिश्चिततेवर वेळ घालवणे मला योग्य वाटत नाही.

मुंग्यांचे दुसरे एक कारण तुमच्या गोळ्यांतच असू शकते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ तळपायांची आग आणि बधिरपणा घेऊन आले. त्रास वाढला की ते ‘नसांसाठी’ म्हणून आणखी एक गोळी जोडत गेले होते. मी त्यांना घरातली सगळी पाकिटे आणायला सांगितली. टेबलावर तीन पट्ट्या मांडल्या, प्रत्येकीच्या मागची बारीक अक्षरे भिंगातून वाचली आणि कागदावर बेरीज केली: ब-६ एका पट्टीत १०, दुसरीत ५०, तिसरीत १०० मिलिग्रॅम. म्हणजे रोज १६० मिलिग्रॅम, आणि त्या वयाच्या पुरुषाची गरज १.७ मिलिग्रॅम. ब-६ ची अशी मात्रा दीर्घकाळ पोटात गेली तर संवेदना वाहणाऱ्या नसा इजा पावतात. कमतरतेचे आणि अतिरेकाचे लक्षण एकच असल्यामुळे त्रास वाढेल तशी गोळी वाढत होती आणि गोळी वाढेल तसा त्रास. तिन्ही पट्ट्या बंद केल्यावर सुधारणा दिसायला काही महिने लागले. ब-६ साठी अमेरिकेत १०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानली जाते, पण युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. तुमच्या दोन्ही गोळ्यांतल्या ब-६ ची बेरीज आजच करून पाहा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

बायोटिनबद्दल थोडक्यात सांगायचे तर, खऱ्या कमतरतेत केस गळतात, पण ती कमतरता क्वचितच आढळते. दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतात आणि केसांच्या गोळ्यांत ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतात. कमतरता नसताना त्याने केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रयोगशाळेतल्या कित्येक तपासण्या बायोटिनच्या चिकटण्याच्या गुणावरच आधारलेल्या असतात. रक्तात ते फार असले तर थायरॉइडचे अहवाल चुकीचे येतात आणि ग्रंथी अतिसक्रिय असल्याचा खोटा आभास होतो. हृदयाच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन खोटे कमी दिसू शकते, आणि याबद्दल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये इशारा दिला होता. थकव्यासाठी तुमची थायरॉइड तपासणी होणारच आहे, तेव्हा तिच्या किमान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा आणि मात्रा मोठी असेल तर किती दिवस बंद ठेवायचे ते डॉक्टरांना विचारा. माझ्या मते ते पुन्हा सुरू करण्याची गरज पडणार नाही.

ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत परिस्थितीवर फार काही ठरते: उन्हात किती वावर होतो, त्वचेचा रंग, वय, वजन, यकृत आणि मूत्रपिंडांची अवस्था. त्वचेत उन्हाने तयार झालेले ड आधी यकृतात आणि मग मूत्रपिंडात बदलून कामाचे होते, म्हणून या दोन अवयवांचे विकार असणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. ७० वर्षांपर्यंतच्या प्रौढांना रोज ६०० आंतरराष्ट्रीय एकके पुरतात, आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय ४,००० च्या वर जाऊ नये. तुमची कॅप्सूल रोज घ्यायची आहे की आठवड्याने, हे तुम्ही लिहिलेले नाही. पाकीट उघडून ते नीट वाचा. आठवड्याला एक घ्यायची मोठ्या ताकदीची कॅप्सूल रोज घेतल्यामुळे रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीला गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांना तहान, मळमळ, बद्धकोष्ठता यांबरोबर थकवाही होता, आणि त्याच थकव्यासाठी ते कॅप्सूल घेत होते. ब गटातल्या बहुतेक जीवनसत्त्वांप्रमाणे ड मूत्रावाटे निघून जात नाही, ते चरबीत साठते, त्यामुळे चूक उलगडायलाही आठवडे लागतात. अ जीवनसत्त्वही असेच साठते. गर्भधारणेचा विचार असेल तर रेटिनॉलच्या रूपातल्या अ च्या मोठ्या मात्रा कटाक्षाने टाळायला हव्यात, कारण त्यांनी गर्भात व्यंग होऊ शकते.

या सगळ्यात थकव्याचे सर्वात नेहमीचे कारण हरवू नये. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीला थकवा आणि केस गळणे हे दोन्ही एकत्र असतील तर मी लोहाकडे आधी पाहते. लोह हे जीवनसत्त्व नाही, खनिज आहे, आणि पुष्कळ मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते नसते किंवा नाममात्र असते. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासावे लागते. आम्ल कमी करणारी गोळी लोहाचे शोषणही घटवते. याशिवाय थायरॉइड, रक्तातली साखर, झोपेत श्वास अडकणे, गर्भधारणा, चालू असलेली इतर औषधे आणि नैराश्य हे सगळे तपासाच्या यादीत येते. नैराश्याचे नाव काढले की रुग्ण दुखावतात, असा अनुभव आहे. पण तो आजार थकव्याच्या रूपातच डॉक्टरांसमोर येतो असे अनेकदा घडते आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून मी ते विचारल्याशिवाय राहत नाही.

मी गोळ्यांच्या विरोधात आहे, असे यावरून कृपया समजू नका. गर्भधारणेची शक्यता असलेल्या प्रत्येक स्त्रीने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भ राहण्याच्या आधीपासून घ्यावे, असे मी ठामपणे सांगते, कारण गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, चौथ्या आठवड्यातच मिटते आणि तोवर पुष्कळदा गर्भ राहिल्याचे कळलेलेही नसते. नवजात बाळाला के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिल्याने मेंदूतला रक्तस्राव टळतो. प्राणिजन्य काहीच न खाणाऱ्यांना ब-१२ बाहेरून घ्यावेच लागते. मद्याच्या आहारी गेलेल्यांना ब-१ वेळेवर मिळाले नाही तर मेंदूला कायमची इजा होते. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना जन्मभर पूरक मात्रा लागतात. या प्रत्येक ठिकाणी कमतरता का होते हे माहीत आहे, किती मात्रा लागते हेही माहीत आहे, आणि म्हणूनच गोळी काम करते.

तुम्ही शेवटी विचारले आहे की तोवर सगळ्या गोळ्या बंद कराव्यात का. बायोटिन आजच थांबवा. ब-६ ची बेरीज १२ मिलिग्रॅमच्या वर जात असेल तर बी-कॉम्प्लेक्सही थांबवा. ड ची मात्रा पाकिटावरून ठरेल. मल्टिव्हिटॅमिन चार दिवस चालू राहिले किंवा बंद झाले तरी फारसे बिघडत नाही. ब-१२ ची स्वतंत्र गोळी मात्र रक्ताचा नमुना देईपर्यंत सुरू करू नका, कारण एकदा ती घेतली की कमतरता होती की नव्हती हे शोधणे कठीण होते. आम्लपित्ताची गोळी अचानक तोडू नका, त्याने आम्ल उसळून येते. तिची गरज अजून आहे का हे डॉक्टरांना विचारा. याच आठवड्यात वेळ घ्या, आणि जाताना चारही पाकिटे व सकाळची गोळी एका पिशवीत घालून सोबत न्या. त्याआधी चालताना तोल जाऊ लागला, अंधारात पाय कुठे पडतो हे कळेनासे झाले किंवा हाताने बटणे लावणे जड जाऊ लागले, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.